देवकुंडीचं पाणी

“मॅडम, मर्डर हो गया.”

“कोणाचा?”

“शेवाळाचा.”

उपनिरीक्षक अल्का रंगारी फोन आपटणारच होती. पोळ्याचा दुसरा दिवस, पाडवा. पहाटेपासून गावोगावच्या सीमेवर रोगराईचा पुतळा गावाबाहेर काढत ‘घेऊन जा गे मारबत’ चाललेलं, त्यात कुठं दारू, कुठं डोकेफोड, आणि हा शेवाळघराचा मॅनेजर विक्की सकाळी सकाळी शेवाळाचं रडगाणं घेऊन बसलेला. पण फोनच्या मागून बायकांचा गलका येत होता, आणि त्यातला एक आवाज रडत नव्हता, भांडत होता. “मी नाई केलं. मी कायले करन?” तो आवाज काही अल्काच्या डोक्यातून जाईना. तिनं जीपची किल्ली उचलली.

सालेकशाच्या पुढं, जंगलाला लागून एक टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटानं तीनेक वर्षांपूर्वी शेवाळघर काढलं. शेवाळ म्हटलं की आपल्याला पाय घसरतो तेवढंच आठवतं. पण हे शेवाळ डोळ्यांना न दिसणाऱ्या दाण्यांचं, त्याची पावडर परदेशात जाते, आणि महुआ-तेंदूपत्त्याच्या हंगामापलीकडं बारा महिने काम मिळतं म्हणून टोल्यावरच्या बायका त्याला पोटच्या लेकरासारखं जपत. आवारात चार मोठ्या टाक्या, एक लांब पडवी आणि कोपऱ्यात एसीची खोली. त्या खोलीत काचेच्या बाटल्यांमध्ये बियाणं ठेवलेलं असायचं. शेतकरी धानाचं बी राखून ठेवतो ना, तसंच.

अल्का पोचली तेव्हा त्या बाटल्या फळीवर रांगेनं उभ्या होत्या आणि आतलं हिरवं पाणी पांढुरकं, फिकट झालं होतं. नाकाला ब्लीचिंगचा वास आला.

“रोग पडला असेल, मॅडम,” स्टुलावर बसलेला तरुण म्हणाला. हा अश्विन, शेवाळघरातला शास्त्रज्ञ. गोंदियाचा मुलगा, बाहेर शिकून आलेला. डोळे लाल, केस विस्कटलेले. “विक्कीनं उगाच तुम्हाला त्रास दिला.”

“उगाच? अरे, बास आ रही है ना?” मॅनेजर विक्की दारातून म्हणाला. “रोगाला कधी ब्लीचिंगचा वास येतो का?”

अल्कानं दोघांकडं बघितलं आणि अश्विनसमोर स्टूल ओढलं.

“हे नेमकं काय असतं? मला लहान पोराला सांगता तसं सांगा.”

“मासे खा, हृदयाला चांगले, असं डॉक्टर सांगतात ना? ते चांगलं तेल मासा बनवत नाही. शेवाळ बनवतं, मासा फक्त ते खातो. आम्ही मधला मासा काढून टाकला. समुद्र उपसायला नको, शेतजमीन अडवायला नको.”

“आणि तुमची पावडर लाल का?”

“हे शेवाळ आधी हिरवं वाढतं. मग त्याचं खत तोडायचं, उन्हात तापवायचं. जीव धोक्यात आला की ते स्वतःभोवती कवच करतं आणि आत तेल आणि लाल रंग साठवून ठेवतं. त्या रंगाला अ‍ॅस्टाझॅन्थिन म्हणतात. लोखंडाला गंज चढतो तसा शरीरालाही चढतो म्हणा, तो हा रंग अडवतो. आणि आमचं शेवाळ दुसऱ्यांपेक्षा दुप्पट लाल होतं.”

“मग बियाणं दुसरीकडून आणा.”

“दुसरीकडं नाही, मॅडम. हे इथल्या देवकुंडीतलं आहे, जंगलातल्या दगडावरच्या पाण्याच्या खळग्यातलं.”

“देवकुंडीतून आणा.”

“गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना कुंडीचा दगडच फुटला.”

“टाक्यांमध्ये असेल की.”

“रिकाम्या आहेत. सणाआधी धुतल्या.”

“मग ती पावडर? डबेच्या डबे भरलेत बाहेर.”

“ती मेलेली.” अश्विननं मान हलवली. “कोरडं पडलं की संपलं. ओलं आहे तोवर जिवंत.”

म्हणजे या बाटल्या गेल्या की सगळंच गेलं.  खून शेवाळाचा असो की माणसाचा, वंश बुडवणं ते वंश बुडवणंच.

बाहेर अंगणात बायका घोळक्यानं उभ्या होत्या. मधोमध चाकांवरचा मोठा लाकडी बैल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर पायांपर्यंत लोंबणारी लाल झूल. पायाखाली स्टीलची परात, तिच्यात हळदीकुंकवाचं पाणी. पोळा खऱ्या बैलांचा, तर दुसरा दिवस लाकडी बैलांचा, तान्हा पोळा. अल्काच्या घरी बैल होते, पण पूजा नव्हती. तिचे बाबा पोळ्याला बैलांना घासूनपुसून न्हाऊ घालत, पोटभर खाऊ घालत आणि म्हणत, कष्ट केले त्याचे आभार मानायला मंत्र कशाला पाहिजे.

“हा कोणाचा?”

“माझा,” अश्विन म्हणाला. “संध्याकाळी मिरवणूक झाली की नागपूरला बहिणीकडं पाठवणार होतो. न्यायला माणूस यायचाय.”

“सर बैलाचे पायच धुऊ देत नव्हते,” शामकला नावाची म्हातारी मध्येच म्हणाली. “म्हनत, पानी नोको, रंग कच्चा आहे. मी धुतलेच. पाय न धुता बैलाले दारातून लावते काय कोनी?”

“एक तांब्या ओतला असता तर ठीक. तुम्ही बादली रिकामी करायला निघालात,” अश्विन म्हणाला, आणि एवढ्या दुःखातही दोन बायका हसल्या.

“कोणी काही हलवायचं नाही,” अल्कानं बजावलं. “बाटली नाही, बादली नाही, बैलही नाही.”

मग तिनं एकेकाला पडवीत बोलावलं.

पहिला चौकीदार मनीराम. त्याचा चेहरा आधीच पडलेला.

“रात्री कोणी आलं?”

“कोनी नाई, मॅडम. मी जागाच होतो.”

“पहाटे?”

मनीराम पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. “पहाटे मारबत घेऊन समदा टोला सीमेवर गेला. मी बी गेलतो. सणाचं आहे ना.”

“म्हणजे इथं कोणीच नव्हतं?”

“कोनी नाई. पन कुलूप जसंच्या तसं होतं. मी वापस येऊन पाह्यलं.”

“सीमेवर कोण कोण होतं?”

“समदे. विक्कीभाऊ होते, अश्विन सर तर मोबाईलवर शूटिंग करून राहिले होते. दुर्पताबाई नव्हती. ते मांगून आली.”

दुसरा विक्की. त्याला विचारायची गरजच पडली नाही. “मॅडम, सीधी बात है. किल्ली दुर्पताबाईपाशी. सीमेवर ती नव्हती. आणि दगड फुटला तेव्हा भर ग्रामसभेत बोलली होती, देवाचं पानी देवाले वापस करा. दिलं ना वापस. आता मी ऑर्डर कशी पुरी करू?”

“टाक्या धुवायला कोणी सांगितलं?”

“अश्विन सर बोले, त्योहार के पहले धो डालते हैं. बरोबरच होतं, घाण झालत्या.”

“इथून कोणी काही बाहेर नेऊ शकतं?”

“सवालच नाही. ये औरतें सीआयडी हैं. जाताना कपडे बदलायचे, डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. मलाबी सोडत नाहीत. मागं एक पाहुणा खिशात बाटली टाकून चालला होता, तेव्हापासून नियमच केला त्यांनी.”

तिसरी दुर्पता उइके. गटाची अध्यक्ष, पन्नाशीची, उन्हानं रापलेली. ती बसली नाही.

“किल्ली तुमच्याकडं होती?”

“होती. रोज सरापाशी राहते. काल सांजी मले देल्ली. म्हने सन आहे, सकारी मले उशीर होईन, बाटल्या तुमीच हलवा.”

“रात्री खोली उघडली?”

“नाई. पूजा झाल्यावर उघडली. रोज सकारी बाटल्या हलवा लागते, नाई तं खाली बसते ते. उघडून पाह्यतो तं हे असं.”

“पहाटे सीमेवर का नव्हता?”

“अंगन कोन सारवन मंग? पूजा होती ना बैलाची.”

“देवाचं पाणी देवाला परत करा, म्हणाला होता?”

“म्हनली.” दुर्पतानं नजर हलवली नाही. “दगड फुटला तवा म्हनली. पोटात आग पडली होती. तुमाले काय माहीत, मॅडम, ते कुंडी कशी होती. वैशाखात कोरडी ठन्न पडे, दगडाले नुसती लाल पापडी. कितीक दिवस तशीच. अन् पानी आलं का दोन दिसात हिरवीगार. आमचे बुढे सांगत, देव झोपते अन् उठते. थो दगड गेला. मंग देवाचं एवढंच राह्यलं होतं, त्या बाटल्यायत. अन् त्याले मी मारन?”

तिचं बोलणं अल्काला पटत होतं. पण कागदावर सगळं दुर्पताच्याच विरुद्ध होतं. किल्ली तिची, वेळ तिची, बोलणं तिचं. त्या दिवशी अल्कानं तिला ठाण्यावर आणून बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसवलं, जबाब घेतला आणि सोडलं. सोडताना बाहेर टोल्यावरच्या बायका उभ्या होत्या. सगळ्या दुर्पताच्या चपलांकडं बघत राहिल्या.

पुढचे दोन दिवस अल्काला चैन म्हणून नव्हती.  वरच्या साहेबांचा फोन सकाळ-संध्याकाळ.

“रंगारी, गणपती आले. बंदोबस्ताला माणसं पुरत नाहीत आणि तुम्ही शेवाळ काय धरून बसलात? त्या बाईला अटक करा, मोकळ्या व्हा.”

“सर, एक दिवस.”

“तीजेच्या संध्याकाळपर्यंत. मग मी दुसरा अधिकारी पाठवतो.”

अश्विनचाही फोन येई, फार अदबीनं. “मॅडम, तो बैल तेवढा सोडता का? पोळ्याचा बैल अडवून ठेवू नये म्हणतात. बायकांना अपशकुन वाटतो.” एकदा आला, दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा तर अल्का ‘न्या’ म्हणणारच होती, इतकी ती त्या बैलाला वैतागली होती. पण पंचनामा पुरा व्हायचा होता म्हणून राहिलं.

तीजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या दिवशी ती अटकेचे कागद घेऊनच टोल्यावर आली. पावसानं ओढ दिली होती, ऊन नुसतं चावत होतं. बायका उपाशी, पडवीत गप्प बसलेल्या. दुर्पता भिंतीला टेकून उभी होती, बरोबर न्यायची पिशवी भरून. तिच्या पायाशी तिची सून हुंदके देत होती.

“येऊ काय?” दुर्पतानं विचारलं.

“थांबा.” का थांबा, ते अल्कालाच ठाऊक नव्हतं. ती अंगणात येरझाऱ्या घालू लागली. कुलूप शाबूत. खोलीत कोणी शिरलं नाही. शिरली तर दुर्पताच. आणि दुर्पतानं केलं असेल तर का? राग आला म्हणून आपलाच देव मारून टाकायचा? साप साप म्हणून भुई धोपटतोय आपण, तिला वाटलं. या मरणानं फायदा कोणाचा झाला? कोणाचाच नाही. सगळं सगळ्यांचं बुडालं. बियाणं संपलं, ते आता कोणापाशीच नाही.

आणि कोणापाशी असलं तर?

ती थबकली. तेव्हा तिला ती परात दिसली.

बैल अंगणात होता तिथंच उभा होता, पायाखालच्या परातीवर ऊन आलेलं. तिनं बजावलं होतं म्हणून बायकांनी पूजेचं पाणी झाडाच्या बुडाशीसुद्धा ओतलं नव्हतं. त्या पाण्याला हिरवी झाक चढली होती, आणि कडेला जिथं पाणी आटलं तिथं विटकरी लाल रेघ. साचलं पाणी, हिरवं व्हायचंच, असं म्हणून ती पुढं गेली आणि दोन पावलांवर परत फिरली. भिंतीशी बादली होती. त्याच बादलीतून शामकलानं बैलाच्या पायांवर पाणी ओतलं होतं. तेच पाणी, तेच ऊन, तेवढेच दिवस. बादलीतलं पाणी स्वच्छ. तळाशी पडलेली फुलाची पाकळीसुद्धा दिसत होती.

अल्कानं झुलीचा काठ हातात घेतला. परातीवर लोंबत होता तो, ओला होऊन सुकलेला. तिनं नाकाशी नेला. मासोळीचा वास आला.

“मनीराम, सगळ्यांना बोलाव. आणि अश्विन सरांना सांग, ते दुर्बिणीचं यंत्र बाहेर आणा.”

सूक्ष्मदर्शक पडवीतल्या टेबलावर आला. अल्कानं परातीतल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि अश्विनला हात लावू दिला नाही.

“दुर्पताबाई, तुम्ही रोज दाणे मोजता ना? बघा.”

दुर्पतानं डोळा लावला. चाकी फिरवून तिनं पुन्हा पाहिलं. 

“पोहून राहिले,” ती म्हणाली. “आमचेच आहेत. जित्ते आहेत.”

 मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. विक्कीनं यंत्राकडं धाव घेतली. अश्विन जागचा हलला नाही.

“बसा, अश्विन सर,” अल्का म्हणाली. “मी सांगते, चुकलं तिथं अडवा. मला त्या दिवशी तुम्ही एक खोटं सांगितलंत. कोरडं पडलं की संपलं, म्हणालात. त्याच दिवशी दुर्पताबाईंनी सांगितलं, देवकुंडी वैशाखात कोरडी ठन्न पडायची, लाल पापडी व्हायची, आणि पावसात पुन्हा हिरवी. म्हणजे लाल झालेलं हे शेवाळ कोरड्यात मरत नाही, झोपतं. टोल्यावरच्या म्हाताऱ्यांना माहीत असलेली गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, असं मी कसं मानू? तुम्हाला ती माहीत होती. मला कळू नये, एवढंच हवं होतं.”

“पावडरबद्दल बोललो होतो मी,” अश्विन म्हणाला. “ती भट्टीत तापवतात. ती मेलेलीच असते.”

“खरं आहे. अर्धं खरं सांगून उरलेलं लपवलंत. तुम्ही लाल झालेला ओला गाळ घेतला, तापवला नाही. झूल त्यात भिजवली आणि सावलीत वाळवली. इथं रोज खिसे उलटे होतात. थेंबभर ओलं लपवून नेलं तर वाटेत मरायची धास्ती. पण पूजेच्या बैलाची झूल कोण तपासणार? आणि पोळ्याच्या बैलावर लाल रंग दिसला तर कोणाला काय वाटणार? एकच अडचण. रीतीप्रमाणे बायका बैलाचे पाय धुणार, आणि पाणी लागलं की झोपलेलं जागं होणार. म्हणून तुम्ही म्हणालात, पाणी नको, रंग कच्चा आहे. शामकलाबाईंनी ऐकलं नाही.”

“मी कायले ऐकू?” शामकला म्हणाली.

“पर मॅडम,” विक्की गोंधळून म्हणाला, “पहाटे तर सर हमारे साथ सीमेवर होते. व्हिडिओ आहे.”

“पहाटे काही झालंच नाही. आपण सगळे पहाटेच्या मागं लागलो, तिथंच माशी शिंकली. आदल्या संध्याकाळी बाटल्यांमध्ये थोडं थोडं ब्लीचिंग पडलं. त्या रातभर हळूहळू मरत होत्या. मग कुलूप लागलं, आणि मग किल्ली दुर्पताबाईंच्या हातात आली. रोज स्वतःपाशी ठेवायची किल्ली नेमकी त्याच संध्याकाळी दिली. सीमेवर शूटिंग करायला पहाटे उठलात, आणि दुर्पताबाईंना सांगितलंत, सकाळी उशीर होईल. आणि टाक्या? त्याही तुमच्याच सांगण्यावरून रिकाम्या झाल्या. एकही दाणा मागं उरायला नको होता.”

“आमचं मारायचं कायले पन?” दुर्पतानं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. “चोरलं होतं ना त्यानं. मंग न्यायचं होतं.”

“तुमचं जिवंत राहिलं असतं तर उद्या त्यांचं शेवाळ बाजारात आल्यावर कोणीही ताडून बघितलं असतं. हे तर टोल्याचंच, असं निघालं असतं. ताडून बघायलाच काही उरलं नाही, की ज्याच्यापाशी आहे तो मालक. रोग पडला, बाईनं हलगर्जी केली, संपलं, एवढ्यावर भागणार होतं. विक्कीनं पोलीस बोलावले म्हणून बैल अडकला. नाही तर त्याच संध्याकाळी नागपूर गाठलं असतं. बहीण तरी आहे का तिथं?”

अश्विन हसल्यासारखा झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याच्या तोंडावर ते आता लख्ख दिसत होतं.

“बहीण नाही. एक कंपनी आहे,” तो म्हणाला. “पण मॅडम, मी आलो नसतो तर हे दगडावरचं शेवाळच राहिलं असतं. मी ओळखलं, मी वाढवलं, रात्र रात्र जागून. आणि कागदावर काय? ‘ग्रामसभेच्या मालकीचं.’ माझं नाव कुठं? मी इथला पगारी नोकर.”

“अन् मी जेलात जाऊन राहिली होती,” दुर्पता म्हणाली. “हे पिशवी भरली होती मी. पाह्यत होते ना तुमी, सर?”

अश्विननं पिशवीकडं बघायचं टाळलं. “तुम्हाला अटक होईल असं वाटलं नव्हतं. मग बोलायची वेळ निघून गेली.”

“मांगतलं काऊन नाई?”

“कोण देतं मागून?”

“आमी देल्लं असतं.” दुर्पताचा आवाज चढला नाही. “हे काय पाटलाचं बांधावरचं वावर आहे काय, तुले देल्लं तं आमचं कमी होईन? एका बाटलीच्या दोन होते, दोनच्या चार. तूच शिकवलं ना आमाले. देल्लं तरी सरत नाई, ते चोरून नेलं तुनं. अन् जाता जाता आमचं मारलं.”

सरांचं ‘तू’ कधी झालं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.   मनीरामनं अश्विनला जीपपर्यंत नेलं.

झुलीचा पंचनामा झाला, लाखेचं सील लागलं. मग परातीची पाळी आली. अल्कानं बाटली उघडली तशी दुर्पता आडवी आली.

“हे बी नेता काय? आमच्या देवाले मालखान्यात ठेवता?”

“अर्धं पुराव्याला लागेल. अर्धं तुमचं.”

“अर्ध्यात भागते,” दुर्पता म्हणाली. पण बाजूला झाली नाही. “मॅडम, एक आहे. तुमी मले ठान्यात दिवसभर बसवलं. पोरींनी पाह्यलं. तालुक्याच्या बाजारात लोकं मले पाहून तोंड फिरवून राहिले. कागदावर सुटली मी, पन थो कागद वाचते कोन?”

अल्काचे कान तापले. साहेबांचा दबाव होता, कागद तसे होते, हे सगळं सांगता आलं असतं. ती अंगणात उतरली आणि बायकांसमोर उभी राहिली. भाषण करायची सवय नव्हती, शब्द आपटत आले.

“दुर्पता उइके यांनी काही केलेलं नाही. त्यांच्यावर संशय घेतला तो मी, आणि तो चुकीचा होता. पुढच्या ग्रामसभेत येऊन मी हेच सांगेन. बाजारात कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

 दुर्पतानं नुसती मान हलवली आणि पदर खोचला.

मग उरलेल्या पाण्याभोवती सगळ्या गोळा झाल्या. या वेळी एका खोलीत ठेवायचं नाही, असं दुर्पतानं ठरवून टाकलं होतं. घरोघरी बाटली जाणार होती, जिच्या घरचं मेलं तिनं शेजारणीकडून आणायचं. चमच्याचमच्यानं वाटणी चालली. उपास विसरून बायका भांडायला लागल्या, मला कमी आलं, तिला जास्त गेलं.

“अन् सर सुटून आले, मांगाले आले तं?” दुर्पताच्या सुनेनं विचारलं. “देऊ काय?”

दुर्पता बाटलीचं झाकण लावत होती. ती जीपकडं बघून म्हणाली, “देऊ. पन ग्रामसभेत उभं राहून मांगा लागन. आता या मॅडम बोलल्या ना, तसं.”

अल्काचा फोन वाजत होता. साहेबच असणार, गणपतीच्या बंदोबस्तासाठी. तिनं तो वाजू दिला आणि दुर्पतानं पुढं केलेली, तिच्या घरासाठी भरलेली लहानशी बाटली दोन्ही हातांनी घेतली.